नाताळची पार्टी, मार्गशीर्ष आणि शंभर फुगिया : ठाण्यातल्या एका घरगुती ईस्ट इंडियन ऑर्डरचा अनुभव

नाताळची पार्टी आम्ही दरवर्षी करतो, आम्ही म्हणजे माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, सगळ्यांची पोरं, आणि आता सासूबाई, जाऊबाई, भाऊजी पण यायला लागलेत त्यामुळे २०२४ ला आकडा सव्वीसवर गेला. जागा ठरलेली, घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ आमच्या सोसायटीचं क्लब हाउस, संध्याकाळी सहा ते दहा, दहाला वॉचमन लाइट बंद करायला येतोच. जागेचा प्रश्न कधीच नव्हता, प्रश्न कायम जेवणाचा. आदल्या वर्षी २५ तारखेलाच पार्टी ठेवली होती आणि एका मोठ्या ठिकाणाहून पिझ्झा आणि केक मागवला, तर पिझ्झा आला साडेनऊला, तोपर्यंत पोरं वेफर खाऊन पेंगायला लागलेली, आणि प्लम केक म्हणून जो आला तो सुरी लावली की नुसता चुरा, आत लाल हिरवी टुटीफ्रुटी आणि वरून इसेन्सचा वास. सासूबाईंनी प्लेट बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ह्यांच्या सणाला हे असलं खातात का गं? मला ते खूप लागलं. कारण नाही खात. माझी शाळेतली मैत्रीण ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली आहे, तिच्या घरी मी लहानपणापासून नाताळला जेवलेय, मला माहितीये काय खातात.

तर यावेळी ऑक्टोबरमध्येच मैत्रिणीला फोन केला, म्हटलं तुझ्या ओळखीत कुणी घरून ऑर्डर घेतं का. तिने तिच्या लांबच्या मावशींचा नंबर दिला. जांभळी नाक्याच्या बाजूला, चर्चपासून चालत पाच मिनिटांवर जुनी बैठी घरं आहेत त्यातल्या एका घरात राहतात, साठीच्या पुढे वय, मदतीला सून आणि एक बाई. त्यांचं नाव आणि नंबर मी इथे टाकत नाहीये कारण त्यांनीच मला सांगितलं की बाय, ओळखीतून आलेल्याच ऑर्डर मी करते, जास्त झेपत नाही. पण ठाण्यात, वसईत, उत्तन गोराईला असं घरून करून देणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, चर्चच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारलंत तर नंबर मिळतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय, काय मागवायचं, किती मागवायचं आणि कधी मागवायचं हे कळलं तर पार्टी खरंच चांगली होते.

पहिल्या फोनला मावशींनी मेनू नाही सांगितला, उलट मलाच प्रश्न विचारले. मोठे किती, पोरं किती, डुक्कर खाणारे किती, अंडं न खाणारे किती, तिखट कुणाला चालत नाही. मी म्हटलं कळवते, तर म्हणाल्या आत्ता कागद घे आणि लिही, नंतर आकडा बदलला की माझी पंचाईत. मग बसून यादी केली आणि तेव्हा लक्षात आलं की खरी गोम दुसरीच आहे, मार्गशीर्ष. २०२४ ला मार्गशीर्ष २ डिसेंबरला लागला तो थेट ३० डिसेंबरपर्यंत, म्हणजे अख्खा नाताळ मार्गशीर्षात. आमच्याकडे सासूबाई आणि जाऊबाई महिनाभर काही खात नाहीत, अंडंसुद्धा नाही, दोन मैत्रिणी फक्त गुरुवार पाळतात, आणि २५ तारीख होती बुधवारी, दुसऱ्या दिवशी २६ ला शेवटचा गुरुवार, वर एकादशी. म्हणजे २५ ला पार्टी ठेवली तर निम्म्या बायकांचं लक्ष उद्याच्या घटाच्या तयारीत. दरवर्षी हे जुळतंच असं नाही पण बऱ्याच वेळा जुळतं, त्यामुळे मराठी घरात नाताळची पार्टी ठरवताना आधी कालनिर्णय उघडा मग तारीख ठरवा, हे मी अगदी मनापासून सांगते.

आणि गंमत म्हणजे तारीख शेवटी मावशींनीच सोडवली. मी २५ म्हटलं तर त्यांनी सरळ नकार दिला. पंचवीसला माझाच सण, चोवीसच्या रात्री मिस्सा, पंचवीसला घरी तीस माणसं, मी कुणाच्या ऑर्डरी करू? मग २१ चा शनिवार विचारला, तर ते पण नको म्हणाल्या, त्या आठवड्यात कुसवारच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या ऑर्डरी असतात आणि दुसरं म्हणजे तेव्हा आमचा नाताळ सुरूच झालेला नसतो. मला हे माहीतच नव्हतं. त्यांनी समजावलं की नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, २०२४ ला तो १ डिसेंबरला सुरू झाला, तो वाट बघायचा काळ, सण खरा २५ ला लागतो आणि मग तीन राजांच्या सणापर्यंत म्हणजे ६ जानेवारीपर्यंत चालतो. आपण सगळे मॉलमधली झाडं नोव्हेंबरमध्ये बघतो आणि २६ ला नाताळ संपला म्हणून मोकळे होतो, ज्यांचा सण आहे त्यांच्याकडे मात्र तो तेव्हा नुकता सुरू झालेला असतो! त्या म्हणाल्या २८ चा शनिवार धर, २७ ला मी मोकळी, निवांत करून देते. धरला. आणि इतकं छान झालं ना, कुणालाच दुसरीकडे जायचं नव्हतं, गुरुवार उरकले होते, गर्दी ओसरली होती.

२८ चा अजून एक फायदा झाला तो डेकोरेशनचा. जांभळी नाक्याच्या बाजारात डिसेंबरभर चांदण्या, माळा, टोप्या, छोटी झाडं लागलेली असतात, मी २६ ला संध्याकाळी गेले तर दुकानदार स्वतःच भाव पाडून देत होते, मोठा कागदी तारा जो मी दहा तारखेला साडेतीनशेला बघून ठेवला होता तो दीडशेला मिळाला. बाकी आमच्या दिवाळीच्या लाइटच्या माळा होत्याच. आकाशकंदील माळ्यावर टाकायच्या आधी एकदा नाताळचा विचार करा, आम्ही षटकोनी पांढरा कंदील ताऱ्याच्या शेजारी टांगला आणि दोन्ही एकमेकांना एवढे शोभले की सगळ्यांनी फोटो तिथेच काढले.

आता मुख्य जेवण. शनिवारी सकाळी नऊला मी आणि लेक गाडी घेऊन गेलो, कारण मावशी डिलिव्हरी देत नाहीत आणि घोडबंदर रोडला तेव्हा मेट्रोच्या कामामुळे संध्याकाळी जांभळी नाका ते मानपाडा कधी तास लागायचा कधी सव्वा, त्याच्यात जेवण ठेवून बसायची माझी तयारी नव्हती. दारातच येशूजन्माचा गोठा मांडलेला होता, गवताचं छप्पर, मातीची मेंढरं, आणि खाली हिरवंगार दाट गवत, बघते तर नाचणी. त्यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला थाळ्यात माती घालून नाचणी पेरलेली आणि ती बरोब्बर वीतभर वाढलेली. लेक म्हणाली आई, हे तर आपल्या घटासारखं आहे. मावशींना ते इतकं आवडलं की त्यांनी तिला आत नेऊन स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या बघ आता फुगिया कशा करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फुगिया म्हणजे फुग्यासारखा गोल तळलेला पाव म्हणा, मैदा, अंडं, नारळाचं दूध, जरा साखर मीठ आणि यीस्ट, पूर्वी यीस्टच्या ऐवजी ताडी घालायचे. पीठ आपल्या पुरीसारखं नाही, एकदम सैल, चिकट, हाताने आपटून आपटून फेटलेलं, पहाटे भिजवून झाकून ठेवलेलं आणि पातेल्याच्या काठापर्यंत वर आलेलं. मावशींनी बाजूला पाण्याची वाटी ठेवली होती. डावा हात पाण्यात बुडवला, मूठभर पीठ उचललं, मूठ आवळली, आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा असा वर आला, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी खुडला आणि तेलात. गोळा आधी खाली जातो, मग वर येतो, मग झाऱ्याने त्या फक्त तेल गोल गोल फिरवत राहतात, फुगियाला झारा लावायचाच नाही, ती आपली आपण उलटते आणि दोन्ही बाजूंनी सारखी लाल होते. एका घाण्यात बारा पंधरा. मी मोजलं, एक घाणा उतरेपर्यंत त्यांचा डावा हात परत पाण्यात आणि परत पिठात, एकदाही खाली बघितलं नाही, माझ्याशी बोलतायत, सुनेला सांगतायत गॅस कमी कर, आणि गोळे मात्र सगळे एका मापाचे. पहिली गरम फुगिया लेकीला दिली, तिने फोडली तर आत पोकळ, जाळी पडलेली आणि नारळाचा मंद वास. नुसती खाल्ली तिने, दोन.

गाडीत बसल्यावर लेकीने विचारलं की आई हे लोक मराठी बोलतात मग ईस्ट इंडियन कसे, बंगालचे आहेत का? बरोबर आहे तिचं, नाव ऐकून कुणालाही तेच वाटेल. हे इथलेच, साष्टीचे, ठाण्याचे, वसईचे, मुंबईच्या बेटांवरचे, शेती मासेमारी करणारे मूळ रहिवासी, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झाले. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ ला घेतला, आज तिथे सेंट्रल जेल आहे, आणि वसई १७३९ ला चिमाजी अप्पांनी, राज्यं बदलली पण ही माणसं तिथेच राहिली. नाव नंतरचं, ईस्ट इंडिया कंपनीशी आणि इंग्रजांच्या नोकऱ्यांशी जोडलेलं, बाहेरून आलेल्या गोव्या मंगलोरच्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले, हे सांगायला त्यांनी ते घेतलं, आणि १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. मावशींच्या घरात भिंतीवर त्यांच्या आजीचा फोटो आहे, काष्टा घातलेलं नऊवारी लुगडं, हातभर बांगड्या, गळ्यात क्रूस. आपल्या आजीसारखीच गं, लेक म्हणाली.

तर मागवलं काय काय. शंभर फुगिया अंड्याच्या, तीस बिनअंड्याच्या. चिकन खुड्डी तीन किलो. सोरपोटेल एक किलो. केशरी रंगाचा लग्नातला पुलाव तीन किलो, बिनमटणाचा. व्हेजवाल्यांसाठी बाटली मसाल्यातली फ्लॉवर मटार बटाटा आणि कोबी खोबऱ्याची फुगाद. दोन केक, आणि कुसवारचे एक एक किलोचे दोन डबे. एकूण बिल आलं साडेनऊ हजार, टोपांचं डिपॉझिट हजार वेगळं. सव्वीस माणसांत वाटलं तर माणशी पावणेचारशेच्या आत, त्यात दुसऱ्या दिवशी आमच्या घरी चार जण जेवले इतकं उरलं. ह्या पैशात बाहेर कुठे काय मिळतं ते मला माहितीये.

खुड्डी हा माझ्या मते हुकमी पदार्थ, भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा आणि बाटली मसाला, आपल्या घाटावरच्या वाटणाची आठवण येते पण चव तिकडे जात नाही, बाटली मसाल्यात गहू आणि चणे पण भाजून घातलेले असतात, तीळ खसखस असते, मिरच्या धणे हळद आणि बाकी वीसच्या वर जिन्नस, त्यामुळे रस्सा दाट होतो आणि तिखटपणा जिभेवर उशिरा येतो. भाऊजींनी तीनदा घेतली. फुगिया रश्श्यात बुडवून खायची हे त्यांना दोन मिनिटं सांगावं लागलं, नंतर सांगावं लागलं नाही.

सोरपोटेलबद्दल एक महत्त्वाचं. डुकराचं मटण आणि काळीज उकडून, बारीक चिरून, परतून, व्हिनेगर आणि मसाल्यात शिजवतात, आणि ते ताजं खायचं नसतं. मावशींनी गुरुवारीच करून ठेवलं होतं, शुक्रवारी एकदा गरम केलं, शनिवारी परत, व्हिनेगर मुरलं की मग त्याला खरी चव. त्यामुळे ऑर्डर देताना कुणी म्हणालं आजच ताजं करून देतो तर दोन दिवस आधी करा म्हणून सांगा. आम्ही सव्वीसपैकी सातच जण खाणारे होतो म्हणून किलोभर पुरलं, पण ते वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावाने आणि वर चिठ्ठी लावून ठेवलं. पाहुण्यांना न विचारता डुक्कर मेन टेबलावर ठेवू नका, आणि नकोच म्हणून टाळू पण नका, ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी वर्षातून एकदाच येतं ते. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसला, त्याची आई असंच करायची म्हणाला. त्याची आई २०२१ ला गेली. आम्ही मग त्याला उरलेलं डब्यात भरून दिलं.

केकच्या बाबतीत मी आधी जरा घाबरले होते, आदल्या वर्षीच्या अनुभवामुळे. मावशी सप्टेंबरमध्येच काळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल बारीक चिरून रममध्ये बरणीत भिजवतात, आठवड्यातून एकदा हलवतात. पोरं आणि सासरची मंडळी म्हणून मी एक केक रमचा आणि एक संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुक्यांचा सांगितला. दोन्ही काळसर तपकिरी, आणि हा रंग कोको किंवा इसेन्सचा नसतो, साखर जाळून तिचं काळं पाणी करतात आणि ते घालतात, थोडा कडवटपणा त्यातून येतो आणि तोच खऱ्या केकची खूण. रमचा केक तर इतका ओलसर होता की सुरीला चिकटत होता, आणि चार दिवस झाकणाखाली तसाच राहिला. संत्र्याचा जरा कोरडा वाटला, चव चांगली पण दुसऱ्या दिवशी कडा कडक झाल्या. पुढच्या वेळी तो आदल्या दिवशीचा नको, त्याच सकाळचा मागेन. बिनअंड्याचा केक मावशी करत नाहीत, विचारलं तर स्पष्ट म्हणाल्या, अंड्याशिवाय मला जमत नाही आणि जे जमत नाही त्याचे पैसे घेत नाही.

म्हणून सासूबाई आणि जाऊबाईंच्या गोडाची सगळी भिस्त कुसवारवर. कुसवार म्हणजे नाताळचा फराळच. डबा उघडला आणि सासूबाई म्हणाल्या अगं ही तर करंजी! नेवरी म्हणतात ते तिला, आत खोबरं, रवा, साखर, वेलची, आपल्यासारखीच, त्यांची पारी जरा जाड. कलकल म्हणजे आपल्या शंकरपाळ्याची बहीण, पण पीठ काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या पाठीवर दाबून गुंडाळलेलं, शिंपल्यासारखं दिसतं. ह्यात अंडं असतं बऱ्याच ठिकाणी, विचारून घ्या, मावशींनी आमच्या एका डब्यात बिनअंड्याचे भरून वर हिरवा दोरा बांधून दिला होता. मग पेराड, म्हणजे पेरूची वडी, तांबडी, चिवट, पेरूचा गर साखरेत तासनतास आटवून थापलेली, तिला पेरूचं चीज पण म्हणतात पण चीज काही नसतं त्यात. सासूबाईंना ती एवढी आवडली की त्यांनी कृती विचारून घ्यायला सांगितलं. मिल्क क्रीम मात्र मला अती गोड वाटली, दूध आटवून काजू घालून साच्यातून काढलेल्या छोट्या वड्या, दिसायला फार सुंदर, पानं फुलं मासे, पण एकच्या वर खाववत नाही. पोरांनी सगळे मासे संपवले.

आता जे कमी पडलं ते पण लिहिते. बिनअंड्याच्या फुगिया गार झाल्यावर वातड झाल्या, त्या तिथल्या तिथे खाल्ल्या तरच चांगल्या, संध्याकाळपर्यंत ठेवायच्या असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून वाफेवर गरम करा, तव्यावर नको. मी तव्यावर केल्या आणि पहिल्या आठ दहा कडक झाल्या. अंड्याच्या मात्र संध्याकाळी सातलाही मऊ होत्या. व्हेज भाज्या चविष्ट होत्या पण क्वांटिटी कमी, कारण नॉनव्हेज खाणारे पण त्यावर तुटून पडले, विशेषतः फुगादवर, म्हणून व्हेज माणसं अकरा असतील तर पंधरांचं सांगा. पुलाव साधारण, वाईट नाही, पण फुगिया असताना भात कुणी घेतच नव्हतं, दीड किलो पुरला असता. आणि मावशी वेळेला कडक आहेत, नऊ म्हणजे नऊ, माझ्यासमोर एक बाई पावणेअकराला आल्या तर त्यांना थांबायला लागलं कारण मावशी मार्केटला गेलेल्या. निम्मे पैसे १ डिसेंबरच्या आत, नाहीतर ऑर्डर धरत नाहीत. मला ह्यातलं काहीच चुकीचं वाटत नाही, घरच्या घरी दोन शेगड्यांवर करायचं म्हणजे असंच करावं लागतं, पण तुम्ही आयत्या वेळी ठरवणारे असाल तर हे तुमचं काम नाही.

पार्टीचं बाकी थोडक्यात. सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या आम्ही तीन आठवडे आधी काढल्या, लिमिट तीनशे रुपये, आणि एक नियम घातला की विकत आणलेल्या वस्तूसोबत हाताने लिहिलेल्या दोन ओळी पाहिजेत, तो नियम सगळ्यात भारी ठरला, जाऊबाईंनी माझ्या धाकट्याला जे लिहिलं होतं ते त्याने कपाटाला चिकटवून ठेवलंय. हाउजीची दोनच राउंड, जास्त केली की पोरं कंटाळतात. जेवण साडेसातला लावलं, केक नऊला कापला, त्याआधी माझ्या मैत्रिणीने मराठीतली दोन नाताळगीतं म्हटली, तिच्या आजीकडून शिकलेली, माइक नाही काही नाही, क्लब हाउसचे लाइट बंद करून फक्त तारा आणि कंदील चालू. सासूबाई ताल धरत होत्या, त्यांना भजनासारखं वाटलं म्हणाल्या. पावणेदहाला आवरायला घेतलं आणि वॉचमनला पण प्लेट भरून दिली.

रेटिंग द्यायचंच तर जेवणाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पुलावाचा आणि संत्र्याच्या केकचा. माणसांना पाचपैकी पाच.

सोमवारी टोप परत करायला गेले. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून मोठ्या टोपात सासूबाईंनी केलेल्या तिळाच्या वड्या ठेवल्या, संक्रांत पंधरा दिवसांवरच होती. मावशींनी डिपॉझिट परत दिलं, वडी तिथेच खाल्ली, आणि मला आत बोलावून माळ्यावरची बाटल्यांची रांग दाखवली, तपकिरी काचेच्या बियरच्या बाटल्या, मसाल्याने ठासून भरलेल्या, वर बूच. उजेड लागला की रंग आणि वास जातो म्हणून काळपट काच. मसाला उन्हाळ्यातच होतो, एप्रिल मेच्या कडक उन्हात मिरच्या वाळल्या की, मग वर्षभर तोच. मी विचारलं मला एक किलो द्याल का. म्हणाल्या ह्या वर्षीचा संपत आला, मे मध्ये ये, पण बाटल्या तुझ्या आण, आतून धुवून, उन्हात चांगल्या वाळवून, पाण्याचा थेंब राहता कामा नये.

दोन बाटल्या धुवून गच्चीत उलट्या ठेवल्यात.